कार्डवाला पाहुणा: हिंगणघाट ते वरूड

रविवार, नागपूर

मुंबईहून येणारं विमान रात्री साडेआठला उतरलं. दादा आणि पाहुणा बाहेर आले तेव्हा पाहुण्याच्या अंगात जाड जॅकेट होतं. डिसेंबरातल्या नागपूरच्या थंडीबद्दल दादाने त्याला जरा जास्तच घाबरवलेलं दिसलं.

दादा माझा चुलतभाऊ. आमचं गाव वणी तालुक्यातलं, पण तो बऱ्याच वर्षांपासून सिंगापुरात आहे. तिथल्या एका पेढीत कापसाचा व्यापार बघतो आणि आता नागरिकही तिथलाच. पाहुणा व्हिएतनामचा, हायफाँगजवळच्या एका सूतगिरणीसाठी रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, खरेदी करणारा. मी नागपुरात निर्यातीच्या कागदांचं काम करतो: बिलं, मालाला कीड-रोग नसल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, धुरीचा दाखला, पैशाची हमी देणारं बँकेचं एलसी. त्यामुळे आठवडाभर गाडी, भाषा आणि कागद अशी तिन्ही कामं माझ्या गळ्यात.

बुटीबोरी ओलांडेपर्यंत गाडीत एकच विषय चालला, मुंबईच्या इमिग्रेशनचा. दादाकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते. भारत सरकारने 2024 मध्ये दिल्लीला 'विश्वासू प्रवासी' योजना सुरू केली आणि जानेवारी 2025 मध्ये ती मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबादला नेली. भारतीय नागरिक आणि ओसीआयवाले तिच्यात फुकट नाव नोंदवू शकतात. एकदा बोटांचे ठसे दिले की ई-गेटवर पासपोर्ट ठेवायचा, चेहरा दाखवायचा आणि निघायचं. दादा दोन मिनिटांत बाहेर. पाहुणा ई-व्हिसाच्या रांगेत तासभर.

"ग्वांगझूला उलटं असतं," दादा म्हणाला. "तिथे हा एपेकच्या लेनमधून निघून जातो आणि माझी रांग सरकत नाही."

पाहुण्याने पाकिटातून ते एपेकचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. एपेक हा आशिया-प्रशांत भागातला आर्थिक गट, आणि हे कार्ड तिथल्या व्यापाऱ्यांसाठी. बँकेच्या कार्डाएवढंच. पुढे फोटो, नाव, पासपोर्ट क्रमांक. मागे तीन-तीन अक्षरांचे संकेत ओळीने छापलेले: चीन, जपान, कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेक्सिको असे. ज्या देशाने या माणसाला मंजुरी दिली त्याचाच संकेत मागे येतो. तो असला की वेगळा व्हिसा लागत नाही. धंद्याच्या कामासाठी जायचं आणि देशानुसार 60 किंवा 90 दिवसांपर्यंत राहायचं. कार्ड 5 वर्षं चालतं. 2015 च्या सप्टेंबरपूर्वी ही मुदत 3 वर्षं होती. पासपोर्ट मात्र सोबत लागतोच, कार्ड त्याच्या जागी चालत नाही.

जाम चौरस्त्यावर चहा घेतला. पाहुण्याने हॉटेलातल्या टीव्हीवरची कीर्तनाची मालिका फार लक्ष देऊन पाहिली. हिंगणघाटला पोचायला अकरा वाजले.

सोमवार, हिंगणघाट

सकाळी बाजार समितीच्या आवारात आधीच गाड्यांची रांग लागलेली होती. हिंगणघाटचा कापूस इंग्रजांच्या काळात या गावाच्या नावाने विलायतेत ओळखला जायचा. पाहुण्याला हे सांगितल्यावर त्याने लगेच विचारलं, धागा किती लांब होता? व्यापारी माणूस. इतिहासाचंही मिलिमीटरमध्ये माप मागतो.

2025 च्या त्या हंगामातलं चित्र विचित्र होतं. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, पण खासगी व्यापारी त्याच्या बरंच खाली बोलत होते. त्यातच ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत परदेशी कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ होतं. सरकारी केंद्रावर विकायचं तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करून तारीख घ्यावी लागते. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर गेला की माल परत. एक शेतकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून फोनमधली तारीख मला दाखवत होता. पाहुणा माझ्यासोबत कशाला हिंडतो आहे, ते त्याला जाणून घ्यायचं होतं.

"हे व्हिएतनामचे पाहुणे. रुई घ्यायले आले."

"याइलेबी ॲपवर तारीख घ्या लागली का जी?"

त्याचा प्रश्न मी भाषांतर करून सांगितला, तर पाहुणा हसला आणि चक्क हो म्हणाला. भारतात यायला त्यालाही ऑनलाइन अर्ज करावा लागला होता, फोटो, कंपनीचं पत्र आणि इथल्या जिनवाल्याचं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखानदाराचं, आमंत्रण जोडून. ई-बिझनेस व्हिसा वर्षभर चालतो आणि त्यावर कितीही वेळा येता येतं. तरी त्याच्या लेखी तो त्रासच. इतक्या ठिकाणी न मागता जाणाऱ्या माणसाला आणखी एका ठिकाणी अर्ज करावा लागला तर ते मनाला लागतं.

दुपारी जिनिंगमध्ये. ढिगाला हात घातल्याबरोबर पाहुणा वेगळाच माणूस झाला. चिमूटभर कापूस घेऊन दोन्ही हातांच्या बोटांनी ओढत, जुळवत, पुन्हा ओढत त्याने तंतूंची झालर काढली आणि काळ्या कापडावर ठेवली. 29 च्या आसपास, तो म्हणाला. प्रयोगशाळेचा कागद नंतर आला, त्यात फार फरक नव्हता. डबल रोलरच्या यंत्रांपुढे उभं राहिलं की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून तो बोटांनीच विचारत होता. क्विंटलभर कापसातून साधारण 33-34 किलो रुई, बाकी बहुतेक सरकी. म्हणजे 170 किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस गेला. त्याचं सगळं लक्ष कचऱ्यावर होतं: केस, सुतळी, पोत्याचे प्लॅस्टिक धागे. विणलेल्या कापडात पांढऱ्या जागी असला एक धागा आला तर अख्खा ताका परत येतो. कामावरच्या बायांनी डोक्याला बांधलेलं कापड त्याला आवडलं. गाठी बांधतात त्या जागेशेजारी पडलेली निळी प्लॅस्टिकची दोरी आवडली नाही. ती त्याने स्वतः उचलून बाहेर टाकली. जिनच्या मालकाचं, शेठजींचं, तोंड पाहण्यासारखं झालं.

संध्याकाळी ऑफिसात शेठजींनी गेल्या वर्षीची गोष्ट सांगितली, आणि माझ्या डोक्यात हा प्रवास लिहून ठेवायचं तिथूनच आलं.

शेठजी हनोईला गेले होते. व्हिएतनामचा ई-व्हिसा आपल्याला सहज मिळतो. 2023 च्या ऑगस्टपासून तो 90 दिवसांचा आणि पुन्हा पुन्हा येता येईल असाही मिळतो. दोन दिवस बोलणी झाली. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला याच पाहुण्याने सांगितलं की ग्वांगझूला आमचं सूत घेणारा मोठा विणकर आहे, त्याला तुमची रुई दाखवू, दुपारचं विमान आहे. पाहुण्याने खिशातलं कार्ड चाचपलं. शेठजींच्या पासपोर्टात चीनचा व्हिसा नव्हता, आणि तो काढायचा तर परत मुंबई, अर्ज, ठसे, आमंत्रणपत्र.

"नमुन्याची पिशवी यायच्या हातात देली," शेठजी म्हणाले. "माह्या रुईनं चीन पाह्यला, मी नाही."

पाहुण्याला गोष्ट आठवत होती. त्याने मान हलवली आणि मग आपलीही बाजू सांगितली. हे कार्ड त्यालाही फुकट मिळालेलं नाही. व्हिएतनाममध्ये त्यासाठी आधी प्रांताच्या लोकसमितीच्या अध्यक्षाची परवानगी लागते. कंपनी कर भरते का, माणूस खरंच करार करायला बाहेर जातो का, त्याच्यावर खटला नाही ना, हे सगळं तपासतात.

"म्हंजे कलेक्टरची सही," शेठजी म्हणाले. त्यांना ते एकदम पटलं.

त्यानंतर नाव बाकी सगळ्या सदस्यांकडे जातं. प्रत्येक देश आपापली छाननी करतो. कोणी आठवड्यात हो म्हणतं, कोणी महिनोन्महिने बोलत नाही. नाही म्हणायचा हक्कही प्रत्येकाला असतो आणि कारण सांगायचं बंधन नसतं. गायक-वादक, पत्रकार, पगारी खेळाडू यांना हे कार्ड नाही. बायकोमुलांनाही नाही. तिथे जाऊन नोकरी धरता येत नाही.

शेठजींचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. आपल्याले काहून नाही? यावर मला बोलावं लागलं, कारण पाहुणा सभ्यपणे गप्प राहिला आणि दादा फोन घेऊन बाहेर गेला.

एपेक म्हणजे आशिया-प्रशांत आर्थिक सहकार्य. 1989 मध्ये कॅनबेराला 12 सदस्यांनी सुरू केलेला गट, आज 21 आहेत. कार्डाचा प्रयोग ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया आणि फिलिपिन्सने 1997 मध्ये केला, मग एकेक करत 19 जण पूर्णपणे आत आले. अमेरिका आणि कॅनडा अर्धवट आत आहेत. त्यांच्या विमानतळांवर कार्डामुळे रांग छोटी होते, व्हिसा काही टळत नाही. भारताने 1991 मध्येच सदस्यत्व मागितलं होतं. पण 1997 मध्ये नवीन सदस्य घेणं थांबवायचं ठरलं. पुढच्या वर्षी पेरू, रशिया आणि व्हिएतनाम घेऊन दार बंद झालं. बंदी 2010 पर्यंत होती. ती संपूनही आपण बाहेरच. 2015 च्या जानेवारीत अमेरिकेने भारताच्या इच्छेचं स्वागत करणारं वाक्य दोन देशांच्या संयुक्त निवेदनात घातलं होतं. वाक्य निवेदनातच राहिलं. आपला किनारा प्रशांत महासागराला लागत नाही, आणि आपण बाजारपेठ कितपत उघडू याची तिथल्या काहींना शंका वाटते.

व्हिएतनाम 1998 मध्ये आत गेला. त्या काळी हिंगणघाटच्या जिनवाल्याला व्हिएतनाममधलं कोणी ओळखत असेल असं मला वाटत नाही. आज तिथल्या गिरण्या इथली रुई घेतात.

मला यात खटकतं ते असं. आपला आग्नेय आशियातल्या आसियान देशांशी मालाचा करार 2010 पासून आहे, कोरियाशी 2010 पासून, जपानशी 2011 पासून, ऑस्ट्रेलियाशी 2022 च्या अखेरपासून. माल कमी शुल्कात जावा म्हणून वर्षानुवर्षं बैठका झाल्या. तो माल दाखवायला जाणाऱ्या माणसाचं मात्र दर वेळी पहिल्यापासून. गाठीला एकदा धुरी दिली, दाखला जोडला की ती न्हावा शेवाहून निघते. शेठजींना दर वेळी सहा महिन्यांचं बँक खातं, तीन वर्षांचं आयकर विवरण आणि आमंत्रणपत्र द्यावं लागतं. एपेकच्या दारात थांबायचं तर थांबावं, पण ज्या देशांशी करार झालेच आहेत त्यांच्याशी व्यापाऱ्यांसाठी असं कार्ड करायला काय हरकत आहे? छाननी कडक ठेवा, नाव काळ्या यादीत गेलं तर कार्ड रद्द करा. हे सगळं त्या कार्डात आहेच.

शेठजींनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे लिहून कोनाले पाठवाचं?"

मंगळवार, वणीकडे

वरोऱ्याहून वणीकडे निघालं की रस्त्यावर कोळशाचे ट्रक. दोन्ही बाजूंच्या पऱ्हाटीवर काळी पावडर बसलेली. पाहुण्याने गाडी थांबवायला लावली, एक बोंड हातात घेतलं, फुंकर मारली आणि काहीच बोलला नाही. वहीत काहीतरी लिहिलं. या पट्ट्यातल्या कापसाचा भाव त्याने मनातल्या मनात तिथेच कापला असणार. खाणीलगतच्या शेतकऱ्यांची ही तक्रार जुनी आहे, पण खरेदीदाराच्या वहीत ती जाताना मी पहिल्यांदाच पाहिली.

गावात काकूंनी पाटोडीचा रस्सा, ज्वारीची भाकर आणि ठेचा केला होता. पाहुण्याला तिखटाचं काही वाटलं नाही. उलट त्याने आणखी ठेचा मागितला, तेव्हा काकूंचं मत एकदम चांगलं झालं. "आपलाच मानूस वाटते."

जेवण झाल्यावर पोलीस पाटील आले. परदेशी माणूस घरी मुक्कामाला असला की घरमालकाने 24 तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. 2025 च्या सप्टेंबरपासून परदेशी नागरिकांचा नवा कायदा लागू झाला आहे, पण लोक अजून या कळवण्याला फॉर्म सी असंच म्हणतात. हॉटेलवाले सराईतपणे भरतात. खेड्यातल्या घराला ते कुठलं माहीत असायला? काकांच्या नावाने खातं उघडायचं, आधार जोडायचं, ओटीपी यायचा. नेटवर्क गोठ्याच्या मागच्या कवठाखालीच मिळतं, म्हणून मी, काका आणि पाटील तिथे उभे. ओटीपी आला, तोवर पानाची मुदत संपली. परत पहिल्यापासून.

पाटलांनी पाहुण्याचं कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. मागचे संकेत मोजले. "एवढ्या देशाइनं याले आत घेतलं आन् आपन कवठाखाली याचा फॉर्म भरून राह्यलो." ते हे चिडून म्हणाले नाहीत. मग त्यांनी आपल्या वहीतही नोंद केली, पेनने, तारीख-वेळ घालून. ती पहिल्या झटक्यात झाली.

बुधवार, गावात

सकाळी वेचणी. बाया रांगेने पुढे सरकत होत्या, कमरेला ओट्या. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. दिवसाला किती होतो, हे पाहुण्याने विचारलं आणि ऐकून त्याने स्वतः अर्धा तास वेचून पाहिलं. त्याच्या ओटीत कापूस कमी आणि पाला जास्त. एका म्हाताऱ्या मावशीने तो पाला निवडून काढला आणि ओटी परत त्याच्या हातात दिली, शाळेतल्या पोरासारखी.

दुपारचा विषय मात्र वेगळा निघाला. काकांच्या धुऱ्याला लागून असलेलं चार एकर शेत विकायला निघालं आहे. दादाला ते घ्यायचं होतं. पैशाचा प्रश्न नव्हता. पण ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. घर घेता येतं, दुकान घेता येतं. शेत, फळबाग, मळा नाही. वडिलोपार्जित वाट्याने आलं तर ठेवता येतं, विकायचं झालं तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच.

दादाला नियम ठाऊक होता, मी सांगायची गरज नव्हती. तरी तो काकांशी बोलताना पुन्हा पुन्हा त्याच जागी येत राहिला. ओसीआयचा सगळा डौल आजीवन व्हिसाचा आहे: 2005 पासूनची योजना, 2015 मध्ये मूळ भारतीयांचं जुनं पीआयओ कार्डही तिच्यात मिसळलं, कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलीस ठाण्यात नोंदणी नको. मतदान नाही आणि शेत नाही. व्हिएतनामच्या पाहुण्याचं कार्ड त्याला दुसऱ्याच्या देशात धंदा करू देतं आणि राहायला गेलं की थांबवतं. दादाचं कार्ड त्याला आपल्याच गावात जन्मभर राहू देतं, फक्त धुऱ्यापलीकडचं चार एकर देत नाही. नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. जमीन परदेशी पैशाच्या हाती जाऊ नये, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला पटवून द्यावं लागत नाही. काकांनाही ते पटलेलं आहे. त्यांनी दादाला इतकंच विचारलं: "मंग तुह्या पोराले?"

दादाची मुलं सिंगापुरातच जन्मलेली. त्याने उत्तर दिलं नाही. ते शेत बहुतेक शेजारचा घेईल.

गुरुवार, सेवाग्राम आणि पुढे

वणीहून वर्धा आणि मग आर्वी, आष्टीमार्गे वरूड. दिवस गाडीतच गेला. मधे सेवाग्रामला तासभर थांबलो. बापूकुटीतली बसायची जागा, कमी उंचीचं दार. पाहुणा चप्पल काढून बराच वेळ आत उभा होता.

बाहेर झाडाखाली बसल्यावर मी त्याला दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधल्या गांधींच्या लढ्याची गोष्ट सांगितली, कारण ती या प्रवासात सांगण्यासारखी होती. 1907 मध्ये तिथल्या सरकारने आशियाई लोकांसाठी नोंदणी सक्तीची केली. ठसे देऊन दाखला घ्यायचा आणि पोलिसाने मागितला की दाखवायचा. 16 ऑगस्ट 1908 ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात मोठ्या कढईत नोंदणीचे दाखले जाळले. लढ्यात हिंदी व्यापारी होते, फेरीवाले होते, चिनीही होते. गांधी तेव्हा वकील होते आणि त्यांचे बरेच अशील व्यापारीच होते.

पाहुणा म्हणाला, आम्ही ठसे स्वतःहून देतो, लेन छोटी व्हावी म्हणून. यावर दादाने त्याला ई-गेटची आठवण करून दिली आणि दोघे हसले. मला मात्र तो फरक महत्त्वाचा वाटतो. तिथे कागद माणसाला अडवण्यासाठी होता, इथे पुढे सोडण्यासाठी आहे. पण दोन्हीकडे सरकार आधी माणसांचे गट पाडतं, मग दाखला देतं. तुम्ही कोण, यापेक्षा तुम्ही कुठले, हे आधी.

शुक्रवार, वरूड

संत्र्याच्या बाजारात आंबिया बहाराचा माल. ढिगाऱ्यांच्या मधून चालायला वाट नाही. पाहुण्याला फळाशी घेणंदेणं नव्हतं, पण दादाच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने बोलावलं म्हणून आलो.

इथला माल वर्षानुवर्षं बांगलादेशला जायचा. त्या देशाने 2019 पासून आयात शुल्क वाढवत नेलं, ते किलोमागे 20 रुपयांवरून 2023 पर्यंत 88 रुपयांवर गेलं. किलोला इतका भाव इथे शेतकऱ्याला स्वप्नातही दिसत नाही. शुल्कच फळापेक्षा महाग झाल्यावर ट्रक कोण भरणार? व्यापारी सांगत होता की पूर्वी तो हंगामात पेट्रापोलच्या सीमेपर्यंत जायचा. पलीकडचा आडत्या तिथे यायचा, हिशोब सीमेवरच व्हायचा.

मी त्याला सार्कच्या स्टिकरबद्दल विचारलं. सार्क देशांनी 1992 मध्ये व्हिसा-सवलतीची योजना सुरू केली. मंत्री, न्यायाधीश, खासदार, पत्रकार, खेळाडू, उद्योजक अशा 24 प्रकारच्या लोकांच्या पासपोर्टावर एक स्टिकर लागतो आणि मग व्हिसा लागत नाही. तो साधारण वर्षभर चालतो. कागदावर आपल्याकडचं एपेक कार्ड म्हणावं असं हेच. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांसाठी ही सवलत रद्द केली, तेव्हा कित्येकांना अशी काही योजना आहे हे पहिल्यांदा कळलं.

व्यापाऱ्याने असा स्टिकर आयुष्यात पाहिलेला नव्हता. "थो साहेब लोकाइले भेटत असन," तो म्हणाला, आणि आम्हाला खायला अर्धी पेटी फोडली.

इथे पाहुण्याने प्रश्न टाकला तो मला आवडला. माणसाला व्हिसा माफ, पण फळाला 88 रुपये. आमच्याकडे कार्ड आहे आणि शुल्कही कमी आहे, दोन्ही एकत्र आलं म्हणून धंदा चालतो. नुसत्या कार्डाने काय होणार? सोमवारी शेठजींसमोर मी जे भाषण दिलं त्याचं हे उत्तरच होतं. खरं आहे. वरूडच्या माणसाला स्टिकर मिळाला असता तरी त्याचा ट्रक सीमेवर थांबलाच असता. हिंगणघाटच्या माणसाचं उलटं: गाठ जाते, तो थांबतो. दोघांची दुखणी वेगळी, एका गोळीने बरी होणारी नाहीत.

शनिवार, काटोलमार्गे नागपूर

शेठजी हिंगणघाटहून थेट विमानतळावर आले होते, कराराचा कागद घेऊन. धागा 29 मिमी, कचऱ्याची मर्यादा ठरलेली, आणि पाहुण्याच्या आग्रहाने एक जास्तीचं कलम: गाठी बांधण्याच्या जागेत प्लॅस्टिकची दोरी दिसली तर माल नाकारायचा हक्क. शेठजींनी ते वाचून सही केली. एलसी पुढच्या आठवड्यात.

पाहुणा मुंबईहून पुढे सोलला जाणार होता. दादा त्याच्यासोबत मुंबईपर्यंत.

चहा पिताना पाहुण्याच्या फोनवर काहीतरी आलं. नवीन कार्डं आता फोनवरही मिळतात. 2021 च्या मार्चपासून ॲप आहे, त्यात एखाद्या देशाची मंजुरी नंतर आली तरी यादी आपोआप वाढते, प्लॅस्टिकचं कार्ड बदलून घ्यावं लागत नाही. पाहुण्याने पाकिटातलं जुनं आणि फोनवरचं नवं, दोन्ही ठेवलेलं होतं. नव्या यादीत इतके दिवस अडकलेला पेरू आत्ता आला.

"पेरूत काय काम?" मी विचारलं.

पिमा, तो म्हणाला. तिथला अतिलांब धाग्याचा कापूस. गिरणीला बारीक सुतासाठी थोडा लागतो, आजवर दलालाकडून घेत होतो.

शेठजींनी पिमा हा शब्द बरोबर पकडला. मग माझ्याकडे वळले. "पेरूले आपल्याले व्हिसा लागते का?"

"लागतो. पण अमेरिकेचा, इंग्लंडचा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असला तर पेरू वेगळा मागत नाही."

"शेंगेन सोपा का अमेरिका?"

शेंगेनचं सांगितलं. भारतीयांसाठी एप्रिल 2024 पासून नियम थोडा सैल झाला आहे: तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले तर पुढचा दोन वर्षांचा, आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळू शकतो. शेठजींनी बोटांवर हिशोब केला. तोवर पाहुण्याच्या विमानाची घोषणा झाली होती आणि दादा बॅग ओढत पुढे गेला होता.

"दोन व्हिसे म्हंजे दोनदा युरोप," शेठजी म्हणाले. "रुई कोन घेते तिथं?"

"पोर्तुगाल. इटली थोडी."

त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून पासपोर्ट काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवला आणि बँकेचा कागद किती महिन्यांचा लागतो ते विचारलं.